एपीआय आणि पीएनआर: सरकारकडे जाणाऱ्या दोन नोंदी

आंतरराष्ट्रीय विमान उतरण्याआधीच त्यातल्या प्रवाशांची माहिती बहुतेकदा पलीकडच्या सरकारकडे पोहोचलेली असते. ती दोन वेगवेगळ्या नोंदींतून जाते. एपीआय, म्हणजे प्रवाशाची आगाऊ माहिती, पासपोर्टातून येते. पीएनआर ही बुकिंगची नोंद असते. तिकीट काढताना जे सांगितलं आणि नंतर जे बदललं, ते सगळं तिच्यात साठत जातं. (तिकिटावरचा सहा अक्षरांचा ‘पीएनआर नंबर’ ही त्या नोंदीची फक्त किल्ली. तो आणि आडनाव मिळालं की अनेक विमान कंपन्यांच्या साइटवर बुकिंग उघडतं, म्हणून बोर्डिंग पासचा फोटो कुठेही टाकू नये.)

एपीआयचा आवाका लहान. पासपोर्टात फोटोच्या पानाच्या तळाशी ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. नाव, जन्मतारीख, लिंग, नागरिकत्व, पासपोर्ट क्रमांक, तो देणारा देश आणि मुदत एवढं त्यांतून मिळतं. त्याला उड्डाणाचा तपशील जोडला की झालं. क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांच्यामागे एकेक पडताळणी अंक असतो, त्यामुळे यंत्राने वाचताना झालेली चूक सहसा लगेच पकडली जाते. हाताने टाइप केलं की ही सोय बऱ्याचदा राहत नाही. शून्याच्या जागी ओ पडतो, किंवा खात्यात जतन असलेला जुन्या पासपोर्टचा क्रमांक तसाच जातो.

पीएनआर मात्र ऐसपैस. फोन, ईमेल, पैसे कसे भरले, एजंट कोण, सोबत कोण, सीट, सामान, तारखांचे बदल, शिवाय मोकळे शेरे. यातलं बरंचसं कुणी तपासलेलं नसतं. एजंटाने स्वतःचाच फोन नंबर घातला, तर एकमेकांना न ओळखणारे प्रवासी कागदावर जोडलेले दिसतात.

खरा गोंधळ पुढे आहे. साइटवर आधीच भरलेला पासपोर्टचा तपशील बुकिंगमध्येच साठवला जातो, म्हणजे एपीआयची माहिती पीएनआरच्या पोटातही असू शकते. युरोपीय संघाच्या २०१६ च्या पीएनआर निर्देशात माहितीचे १९ प्रकार आहेत. त्यांतला अठरावा चक्क एपीआय.

दोन्हींची कामं वेगळी. एपीआयवरून यंत्रणा विचारते: हा पासपोर्ट हरवलेल्या-चोरलेल्यांच्या, किंवा हा प्रवासी पोलिसांना हव्या असलेल्यांच्या यादीत आहे का? काही देशांत चेक-इनच्या वेळीच प्रत्येक प्रवाशासाठी ‘चढू द्या’ किंवा ‘थांबवा’ असं उत्तर येतं. पीएनआरवरून शोधतात ते कोणत्याच यादीत नसलेले, पण ज्यांच्या प्रवासाची पद्धत संशयास्पद वाटते असे लोक. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एपीआयचा आग्रह २०१४ च्या ठराव २१७८ मध्ये धरला, पीएनआरचा २०१७ च्या ठराव २३९६ मध्ये.

म्हणूनच वाद पेटतो तो पीएनआरवर, आणि तो रास्त आहे. जेवणाच्या पसंतीवरून धर्म, व्हीलचेअरच्या मागणीवरून आजार ताडता येतो. युरोपीय निर्देशानुसार पीएनआर उड्डाणाच्या २४ ते ४८ तास आधी आणि पुन्हा विमानाचे दरवाजे बंद झाल्यावर पाठवायचा, ५ वर्षं ठेवायचा, ६ महिन्यांनी ओळख झाकायची. जून २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने यालाही लगाम घातला: ज्यांच्याविरुद्ध काहीच आढळलं नाही, अशा सरसकट सगळ्यांची माहिती ६ महिन्यांपुढे ठेवता येणार नाही.

एपीआय जुळलं म्हणजे ओळख पटली असं नाही. अमुक पासपोर्ट विमानात आहे एवढंच ते सांगतं. तो हातात धरणारा त्याचाच मालक आहे का, हे सीमेवर पासपोर्टावरचा किंवा त्याच्या चिपमधला फोटो चेहऱ्याशी ताडूनच ठरतं.

नवा पासपोर्ट आला की जुन्या बुकिंगमधला क्रमांक बदलावा. नाव तळाच्या ओळींत जसं आहे तसंच भरावं. दोन पासपोर्ट असतील तर ज्यावर प्रवेश घ्यायचा, त्याचा तपशील द्यावा. तिकिटावरचं नाव चुकलं असेल, तर ते चेक-इनच्या आधी विमान कंपनीकडून किंवा एजंटाकडून दुरुस्त करून घ्यावं; पासपोर्टचा रकाना बदलून तिकिटावरचं नाव बदलत नाही.