ऊर्जाबचतीच्या जनजागृतीची पार्श्वभूमी

ऊर्जा जपून वापरण्याचे आवाहन आज पर्यावरणाच्या नावाने केले जात असले तरी त्याचा जन्म टंचाईत झाला आहे. पहिल्या महायुद्धात कोळसा वाचावा म्हणून जर्मनीने ३० एप्रिल १९१६ च्या रात्री देशभरातील घड्याळे एक तास पुढे केली आणि काही आठवड्यांतच ब्रिटनने तोच मार्ग धरला. दुसऱ्या महायुद्धात इंधनाची काटकसर हे देशकर्तव्य असल्याचे भित्तिपत्रके सांगू लागली. युद्ध संपल्यावर मात्र औद्योगिक देशांत विजेचा वाढता वापर हेच प्रगतीचे लक्षण ठरले.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी पुरवठा आखडता घेतला आणि पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला दर काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेला. नेदरलँड्समध्ये ४ नोव्हेंबरपासून रविवारी खासगी मोटारींना बंदी झाली. अमेरिकेने पुढच्या वर्षी महामार्गांवर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घातली. २ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर आले आणि हिवाळ्यात घरातील तापमान दिवसा ६५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १८ अंश सेल्सिअसवर, ठेवण्याची विनंती त्यांनी नागरिकांना केली. १९७९ मध्ये त्यांनी व्हाइट हाउसच्या छतावर पाणी तापवणारे सौर संच बसवले. १९८६ मध्ये तेलाचे दर कोसळले. त्याच वर्षी छताच्या दुरुस्तीसाठी उतरवलेले ते संच पुन्हा वर चढवले गेले नाहीत. धाकाने आलेली जागरूकता धाक सरताच कशी ओसरते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

त्या दशकातून टिकली ती वेगळीच गोष्ट, आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची आहे: उपकरणावरची ऊर्जापट्टी. भाषण ऐकून घरी गेलेला माणूस ते विसरू शकतो, परंतु दुकानात दोन शीतकपाटांपुढे उभा असताना कोणते किती वीज खाते हे समोर लिहिलेले असेल, तर निर्णयाच्या क्षणीच माहिती हाती येते. अमेरिकेत अशी पट्टी १९८० मध्ये आली, युरोपीय समुदायाने १९९२ च्या निर्देशाने ‘ए’ ते ‘जी’ अशी श्रेणी ठरवली आणि भारतात ताऱ्यांचे मानांकन २००६ पासून सुरू झाले. युरोपात उपकरणे इतकी सुधारली की ‘ए’च्या पुढे एक, दोन, तीन अधिकचिन्हे जोडावी लागली, बहुतेक माल वरच्याच श्रेणीत दिसू लागल्याने ग्राहकाला फरक कळेनासा झाला आणि अखेर १ मार्च २०२१ पासून काही उपकरणांसाठी मूळ श्रेणी नव्याने, अधिक कठोर निकषांसह लागू करावी लागली.

कार्यक्षमतेने एकूण वापर घटतोच असे नाही, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच कोळशाच्या संदर्भात दाखवून दिले होते: यंत्र काटकसरी झाले की ते स्वस्त पडते आणि म्हणून अधिक ठिकाणी चालते. ‘कसे वापरावे’ याबरोबर ‘किती वापरावे’ हा प्रश्न जागतिक व्यासपीठावर ठळकपणे आला तो पर्यावरण आणि विकासावरील संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या रिओ परिषदेत. तिथे ठरलेल्या ‘अजेंडा २१’ या कृतिआराखड्याचे चौथे प्रकरण उपभोगाच्या पद्धती बदलण्यावरच आहे. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत बारावे उद्दिष्ट जबाबदार उपभोग आणि उत्पादनाचे ठरले.

दरम्यान, लोक खरोखर कशाने बदलतात याचाही अभ्यास झाला. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथे सुमारे ३०० घरांना शेजाऱ्यांचा सरासरी वीजवापर कळवण्यात आला, त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, परंतु आधीच कमी वापरणाऱ्यांनी तो वाढवला. कळवलेल्या आकड्याशेजारी पसंतीचा हसरा चेहरा काढल्यावर ही वाढ थांबली. जपानने २००५ मध्ये कार्यालयांतील वातानुकूलन २८ अंशांवर ठेवण्याची मोहीम काढली, तेव्हा कोट आणि टाय न घालण्याची मुभाही दिली. म्हणजे सवयीच्या आड येणारा संकेतच आधी दूर केला.

२०२२ मध्ये रशियाकडून येणारा नैसर्गिक वायू आटल्यावर युरोपीय संघाने सदस्य देशांना वायूचा वापर १५ टक्क्यांनी घटवण्यास सांगितले, आणि जर्मनीने सार्वजनिक कार्यालये १९ अंशांपेक्षा अधिक तापवण्यास मनाई केली.