विद्यार्थ्यांना घर भाड्याने देताय? एजंटशिवाय करार असा नोंदवा

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की दोन-तीन मुलं मिळून फ्लॅट बघायला येतात, डिपॉझिट जागेवरच यूपीआयने पाठवतात आणि त्यांना चावी संध्याकाळपर्यंत हवी असते. इथे घाई करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. एजंटने काय सांगितलं होतं याला तिथे किंमत नाही. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महागात पडणारी तरतूद वेगळीच आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात.

‘अकरा महिन्यांचा करार आहे, मग नोंदणी कशाला?’ हा समज अजून गेलेला नाही. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचीच नोंदणी सक्तीची, हा नियम १९०८ च्या नोंदणी कायद्यातल्या भाडेपट्ट्यांचा आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी घरात राहण्याची फक्त परवानगी देणारा करार) एका महिन्याचं असलं तरी नोंदवावं लागतं. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतली म्हणजे नोंदणी झाली, असंही होत नाही.

सही कोण करू शकतो?

मालकाच्या बाजूने घर ज्यांच्या नावावर आहे त्या सगळ्यांनी सही करावी. नवरा-बायको दोघांच्या नावावर घर असेल तर दोघांनी. मालक परगावी असेल तर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) असलेली व्यक्ती सही करू शकते.

विद्यार्थ्यांच्या बाजूने पहिला प्रश्न वयाचा. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे १८ वर्षांखालच्या व्यक्तीला करार करता येत नाही. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची काही मुलं या वयाखाली असतात. अशा वेळी करार आई किंवा वडिलांच्या नावाने करा आणि घरात राहणार कोण, ते करारात मुलाच्या नावानिशी लिहा. आधार कार्डावरची जन्मतारीख बघितल्याशिवाय मसुदा भरायला बसू नका.

तिघं राहणार असतील तर तिघांनाही लायसन्सी (करारात घर वापरायला घेणारे) करा. एकाच्या नावावर करार आणि बाकीचे ‘मित्र म्हणून’ राहतात, ही पद्धत सोयीची वाटते, पण भाडं थकलं की ज्याचं नाव आहे तोच नेमका गावी गेलेला असतो. पूर्ण भाड्याची जबाबदारी सगळ्यांची मिळून आणि प्रत्येकाची स्वतंत्रपणेही राहील, हे वाक्य करारात हवंच.

कागद फार लागत नाहीत. मालकाचं आधार आणि पॅन, मालमत्ता कराची पावती किंवा इंडेक्स-२ (घराच्या नोंदणीकृत दस्ताचा उतारा), वीजबिल; विद्यार्थ्यांचं आधार, कॉलेजचं ओळखपत्र किंवा प्रवेशाची पावती, फोटो आणि पालकांचा पत्ता व फोन.

ऑनलाइन नोंदणी

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-नोंदणीमध्ये लिव्ह अँड लायसन्सची सोय आहे. जिल्हा निवडायचा, मिळकतीचा तपशील (सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, मजला, क्षेत्रफळ) भरायचा, मग पक्षकार, भाडं, डिपॉझिट आणि अटी. मसुदा तयार झाला की ग्रास (सरकारी शुल्क ऑनलाइन भरण्याच्या) प्रणालीतून मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी भरायची. त्यानंतर वेबकॅमवर फोटो आणि थंब स्कॅनरवर अंगठा. दस्त दुय्यम निबंधकाकडे जातो. त्यांनी मंजूर केला की डिजिटल सहीची प्रत डाउनलोड करता येते. स्कॅनर नसेल तर विभागाने अधिकृत केलेला सेवा पुरवठादार घरी येऊन हे करून देतो, पण त्याचं शुल्क वेगळं असतं.

गाडी अडते ती अंगठ्यावर. आधारमधली बोटांची नोंद वयाच्या पंधराव्या वर्षी नव्याने द्यावी लागते. बऱ्याच मुलांनी ती दिलेलीच नसते, त्यामुळे अंगठा जुळत नाही. कुणी आधारचं बायोमेट्रिक लॉक (अंगठ्याची पडताळणी बंद) करून ठेवलेलं असतं. करार करायच्या आठवडाभर आधी मुलांना हे दोन्ही तपासायला सांगा. ज्याच्याकडे आधारच नाही त्याच्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन नोंदणी करण्याचा मार्ग आहे.

खर्च किती?

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते मुदतीतलं एकूण भाडं आणि परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर लागतं. समजा भाडं १८,००० रुपये, डिपॉझिट ५०,००० आणि मुदत २४ महिने. भाडं ४,३२,००० आणि व्याज १०,०००, म्हणजे ४,४२,००० वर १,१०५ रुपये. नोंदणी फी महानगरपालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. दस्त हाताळणीचं शुल्क वेगळं.

विद्यार्थ्यांसाठी अकरा महिन्यांपेक्षा दोन वर्षांचा करार मला बरा वाटतो. नोंदणी फी एकदाच जाते आणि दुसऱ्या वर्षाचं वाढीव भाडं आधीच ठरवून लिहिता येतं. मात्र एक महिन्याच्या नोटिशीने कुणालाही बाहेर पडता येईल अशी अट ठेवा, नाहीतर मुलं बिचकतात.

सोसायटी आणि पोलिस

सोसायटीची परवानगी लागत नाही, पण कळवावं लागतं; आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) भाड्याने देण्याच्या आठ दिवस आधी. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शासनाचा तसा आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे. जास्त मागितलं तर त्या तारखेचा उल्लेख करून लेखी विचारा.

पोलिसांना माहिती देणं मालकाचंच काम. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर भाडेकरू माहितीचा फॉर्म भरता येतो, किंवा जवळच्या ठाण्यात देता येतो. ही नुसती माहिती असते, चारित्र्य पडताळणी नव्हे, त्यामुळे पोर्टलची पोचपावती म्हणजे मुलगा ‘तपासलेला’ आहे असं समजू नका. तरीही ती द्यायलाच हवी, कारण पोलिस आयुक्त वेळोवेळी तसे आदेश काढतात आणि ते मोडले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. विद्यार्थी परदेशी असेल तर तो आल्यापासून २४ तासांत त्याच्या राहण्याची माहिती देणारा, परदेशी नागरिकांसाठीचा वेगळा फॉर्मही ऑनलाइन भरावा लागतो.

मुदत संपल्यावर

करार आपोआप वाढत नाही. मुलं थांबणार असतील तर नवा करार नोंदवायचा. थांबणार नसतील आणि जागाही सोडत नसतील, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्याच कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो. तिथे लेखी करार हाच निर्णायक पुरावा धरला जातो आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते.

वर्षाच्या मध्येच एक मुलगा गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला, असं दर सत्रात घडतं. जुन्या करारावर पेनाने नाव खोडून नवं लिहू नका. जाणाऱ्याचा हिशेब मिटवून चालू करार रद्द करा, राहणारे आणि नवा अशा सगळ्यांच्या नावाने करार पुन्हा नोंदवा, आणि नव्याची माहिती तो सामान घेऊन येण्याआधी पोलिस पोर्टलवर भरा.