डूम-स्टोनर गिटारध्वनी

डूम मेटल आणि स्टोनर रॉक या दोन सख्ख्या शैलींत ऐकू येणारा गिटारचा जाड, संथ, गुरगुरता आवाज, आणि तो मिळवण्यासाठी करावी लागणारी साधनांची निवड. गिटार, तारा, फझ पेडल (आवाज मुद्दाम फाडून जाड करणारी, पायाने चालू-बंद करायची डबी), ॲम्प्लिफायर म्हणजे ॲम्प आणि स्पीकरची पेटी अशी ही साखळी आहे. तिच्यातली एकच कडी महागडी घेतली आणि बाकीच्या जेमतेम ठेवल्या, तर आवाजाला वजन येत नाही.

या आवाजाची सुरुवात एका अपघाताशी जोडलेली आहे. बर्मिंगहॅमचे टोनी आयोमी १९६५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात काम करत असताना त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे टोक यंत्राने तुटले. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबणारा हातच अधू झाला. त्यांनी प्लॅस्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताण कमी करण्यासाठी गिटारचा सूरच खाली उतरवला. त्यांच्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७१ मधील तिसऱ्या अल्बममधली काही गाणी नेहमीच्या सुरापेक्षा तीन अर्धस्वर खाली आहेत. दोन दशकांनंतर कॅलिफोर्नियातल्या पाम डेझर्ट भागातील कायस या बँडचे जॉश होमी यांनी गिटारचा सूर नेहमीच्या ‘ई’वरून चार अर्धस्वर खाली, ‘सी’पर्यंत उतरवून ती चक्क बेस गिटारच्या ॲम्पमधून वाजवली. स्लीप, इलेक्ट्रिक विझर्ड हे बँड याच वाटेने आणखी पुढे गेले.

सूर जितका खाली तितका आवाज जड, हा समज अर्धाच खरा आहे. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ८२.४ हर्ट्झला वाजते; ‘सी’ला उतरवली की ६५.४ हर्ट्झला. गिटारसाठी बनवलेले बारा इंची स्पीकर मात्र साधारण ७० हर्ट्झच्या खाली फारसे काही ऐकवतच नाहीत. म्हणजे ज्या खर्जासाठी एवढा खटाटोप केला, त्याचा मूळ सूर पेटीतून नीट बाहेरच पडत नाही. तरीही तो ऐकू येतो, कारण त्याचे वरचे उपस्वर, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, ऐकून कान गाळलेला पाया स्वतः भरून काढतो. त्यात भर पडते ती पॉवर कॉर्डची, म्हणजे षड्ज-पंचमाच्या जोडीची. ६५ आणि ९८ हर्ट्झचे हे दोन सूर एकत्र फझमधून गेले की त्यांच्या फरकाचा, सुमारे ३३ हर्ट्झचा, सूर आणि त्याच्या पटीतले सूर तयार होतात. कानाला वाटते, कोणीतरी आणखी एक सप्तक खाली वाजवते आहे. याच फझमधून षड्ज-गांधार वाजवला तर चिखल होतो, कारण तिथे निर्माण होणारे फरकाचे सूर एकमेकांत नीट बसत नाहीत. या शैलीतल्या रिफ (पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे) पंचमांवर का उभ्या असतात, त्याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

तारांचा हिशेब सोपा आहे. ‘ई’वरून ‘सी’ला आल्यावर तारेचा ताण सुमारे ३७ टक्क्यांनी घटतो. तो पूर्वीइतका ठेवायचा तर ४६ची (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) तार काढून ५८च्या आसपासची लावावी लागते. जाड तारा लावल्या की नटच्या (डोक्याजवळच्या तार टेकवणाऱ्या पट्टीच्या) खाचा थोड्या रुंद कराव्या लागतात, नेक (गिटारची मान) आणि इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणे) पुन्हा जुळवावे लागते. हे काम टाळणारे पुढे ‘गिटार बेसूर आहे’ म्हणून उगाच दुसरी विकत घेतात. मात्र अतिजाड तारांची सक्ती नाही. थोडी सैल तार जोरात छेडली की सूर क्षणभर वर चढून खाली स्थिरावतो, आणि तो हेलकावा या संगीताचा भागच आहे. २४.७५ इंची स्केलवर, म्हणजे तारेची वाजणारी लांबी तेवढी आखूड असलेल्या गिटारवर, तो अधिक मिळतो. ‘ए’ किंवा त्याखाली जायचे असेल तर २७ इंचांची बॅरिटोन गिटार बरी. पिकअप म्हणजे तारेचे कंपन विजेत बदलणारे चुंबक-वेटोळे. दोन वेटोळ्यांचा हमबकर पिकअप कमी गुणगुणतो, एका वेटोळ्याचा पी-९० अधिक खरखरीत बोलतो. आयोमींच्या प्रसिद्ध एसजी गिटारवर पी-९० घराण्यातलेच पिकअप होते, त्यामुळे हमबकरच हवा असा आग्रह धरू नये.

फझ हा या आवाजाचा प्राण. बिग मफ या फझ पेडलमध्ये चार ट्रान्झिस्टर असतात आणि मधल्या दोन टप्प्यांत डायोड लहरींची टोके छाटतात. म्हणून सूर रबरासारखा लांबतो. पण त्याचा टोन कंट्रोल १,००० हर्ट्झच्या आसपासचे मध्यस्वर खचवतो. खोलीत एकट्याने वाजवताना हा आवाज राजेशाही वाटतो आणि ड्रम-बेस सुरू होताच नाहीसा होतो. कान ज्या उपस्वरांवरून खर्ज उभा करतो, त्यांतलेच बरेचसे आपण कापून टाकलेले असतात. तेव्हा ॲम्पचा मिडल (मध्यस्वरांचे बटण) वर ठेवावा, किंवा मफनंतर मध्यस्वर पुढे आणणारे ओव्हरड्राइव्ह हे सौम्य फाटीचे पेडल लावावे. फझ फेस या दुसऱ्या पेडलमध्ये दोनच ट्रान्झिस्टर असतात. त्याला थेट गिटार जोडलेली आवडते. आधी बफर (सिग्नलला आधार देणारे सर्किट) आला की तो कर्कश होतो. त्याच्या जर्मेनियम प्रकारात उष्णतेने आवाज बदलतो, आणि जुन्या पद्धतीच्या पॉझिटिव्ह ग्राउंड (विजेचे धन टोक ग्राउंडला जोडलेल्या) पेडलला इतर पेडलांच्या सामाईक वीजपुरवठ्याला जोडू नये. गेनबाबत, म्हणजे आवाज किती फाडायचा याबाबत, एकच आग्रह: वाटतो त्यापेक्षा कमी ठेवावा. फार गेनने तारेवरचा आघात पुसला जातो, आणि संथ लयीत प्रत्येक आघात मोलाचा असतो.

तरीही खरेदीची सुरुवात पेडलने करू नये, पेटीने करावी. मागून बंद, चार बारा इंची स्पीकरची पेटी ही जुनी निवड आहे. दोन स्पीकरची चांगली बंद पेटीही पुरते. ज्यांना छातीवर आदळणारा खर्ज हवा त्यांनी पंधरा इंची स्पीकरची बेसची पेटी जोडीला घ्यावी. स्पीकरच्या संवेदनशीलतेत तीन डेसिबलचा फरक म्हणजे ॲम्पची ताकद दुप्पट करण्यासारखे आहे, आणि तो बहुधा स्वस्तात पडतो.

ॲम्प असा हवा की फझचा भार घेऊनही आवाज आकसू नये. लंडनची ऑरेंज (१९६८), तिचे सुरुवातीचे ॲम्प हडर्सफील्डमध्ये बनवणारी मॅटॲम्प, बर्मिंगहॅमची लेनी, हायवॉट आणि अमेरिकेतली सन ही या परंपरेतली नावे. ‘सन’ या ॲम्पवरून तर एका ड्रोन (लांबलचक, स्थिर सुरांच्या संगीताच्या) बँडने स्वतःचे नाव ठेवले. मात्र शंभर वॉटचा ॲम्प पन्नासपेक्षा दुप्पट मोठा वाजत नाही, फरक फक्त तीन डेसिबलचा. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये, आणि दोन्हींचे ओहम (विद्युतरोधाचे आकडे) जुळवावेत. नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

कमी आवाजात कानाला खर्ज कमी जाणवतो, म्हणून घरी सगळे बेसचे बटण वर चढवतात. तीच मांडणी मोठ्या आवाजात चिखल करते. मांडणी तालमीच्या आवाजातच ठरवावी, कानांत प्लग घालून. १०० डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटे हीच सुरक्षित मर्यादा मानली जाते. आणि ती बेसवादकासोबत बसून ठरवावी. तळाचे सूर त्याचे आहेत. गिटारचा बेस थोडा उतरवला आणि बेसला हलका फझ दिला की दोन्ही वाद्ये मिसळून एकच प्रचंड वाद्य वाजते आहे असे वाटते.