मालमत्तेच्या खाजगी बचावाचा हक्क

स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या घराचे व मालमत्तेचे गुन्हेगारी आक्रमणापासून रक्षण करताना, प्रसंगी आक्रमकाचा मृत्यू घडला तरी तो गुन्हा न मानणारी कायदेशीर मुभा. भारतात ही तरतूद भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम १०३ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये आहे.

या हक्काच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक त्याचे मूळ धर्मशास्त्रातील आततायिवधात, म्हणजे प्राण, धन वा घरावर घाला घालणाऱ्याला (आततायीला) मारण्याच्या मुभेत पाहतात. वसिष्ठ धर्मसूत्रातील सहा आततायींत आग लावणारा, धन लुटणारा आणि शेत बळकावणारा यांचा समावेश आहे. चाल करून येणारा आततायी गुरू, बालक, वृद्ध वा विद्वान ब्राह्मण असला, तरी विचार न करता त्याला मारावे, असे मनुस्मृती (८.३५०) सांगते. मिताक्षरा या याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेने मात्र हे वचन अर्थवाद (आज्ञा नव्हे, तर केवळ भर देणारे वचन) ठरवून ब्राह्मणाचा वध विहित नसल्याचे प्रतिपादन केले. दुसरीकडे, रात्रीच्या चोराला मारण्याची मोकळीक बारा पाट्या या प्राचीन रोमन लिखित कायद्यात (परंपरेने इ.स.पू. सु. ४५१–४५०) आढळते; दिवसाच्या चोराला मात्र त्याने शस्त्राने प्रतिकार केला तरच मारता येई. यहुदी निर्गम ग्रंथातही सूर्योदयापूर्वीचा आणि नंतरचा असा भेद आहे. इंग्लंडमध्ये सेमेनच्या खटल्याने (१६०४) घर हा घरमालकाचा किल्ला मानला. धर्मशास्त्रात हक्काची कसोटी मुख्यतः आक्रमकाच्या कृत्याची आहे, घटकेची नाही. रात्रीच्या घरफोडीला दिलेले वेगळे स्थान पाहता मेकॉलेने तयार केलेल्या दंड संहितेच्या १८३७ च्या मसुद्यामागे इंग्रजी परंपराच असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कलम ४१ नुसार प्राणघातक बळाची मर्यादा चार प्रसंगांपुरती आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या किंवा माल ठेवण्याच्या वास्तूला, तंबूला अथवा जहाजाला आगीने वा स्फोटकाने केलेली आगळीक (मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान), आणि मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण करणारी चोरी, आगळीक वा गृह-अतिक्रमण. भीतीची अट शब्दशः फक्त चौथ्या प्रसंगाला जोडलेली आहे. तरीही कलम ३७ सर्वांना लागू असल्याने बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि सरकारी यंत्रणेची मदत घेण्यास अवधी असेल तर हक्कच उरत नाही. साध्या चोरीत मृत्यूखेरीज अन्य इजेपुरती मुभा आहे (कलम ४२). सद्हेतूने, पण मर्यादा ओलांडून केलेला वध हा खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो.

कटनी येथील १९५० च्या दंगलीत जमाव दारावर लाठ्या मारत असताना अमजद खान यांनी गोळी झाडली. अशा प्रसंगी बळाचे प्रमाण सोन्याच्या काट्यावर तोलता येत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये त्यांना निर्दोष ठरवले. याउलट चेरुबिन ग्रेगरी खटल्यात (१९६३) शौचालयाच्या वाटेत जिवंत वीजतार लावून एका स्त्रीच्या मृत्यूस कारण झालेल्याची शिक्षा कायम राहिली: अतिक्रमण करणारा कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही. शेताच्या कुंपणात वीजप्रवाह सोडण्याच्या प्रकारांना हा निर्णय थेट लागू पडतो.