भरीव की पोकळ? युरोपच्या जुन्या स्वरलेखनातला काळ्या-पांढऱ्याचा घोळ

भरीव शंकरपाळी आणि तिच्या डोक्यावर उभी दांडी. युरोपातली 14व्या-15व्या शतकांतली संगीताची हस्तलिखितं वाचायला शिकताना हमखास अडखळायला होतं ते या चिन्हापाशी. काळ्या लेखनात, म्हणजे चिन्हं सहसा भरीव असतात त्यात, त्याचा अर्थ एक; पांढऱ्यात, म्हणजे ती सहसा पोकळ असतात त्यात, दुसरा.

काळं लेखन जुनं. आकारावरून स्वराची लांबी ओळखायचे नियम 13व्या शतकात कोलोनच्या फ्रँको या संगीतशास्त्रकाराने नीट बांधून दिले. यात सगळी चिन्हं भरीव असतात; लांबाकडून आखूडाकडे जाताना: चौकोनी ब्रेव्हिस, शंकरपाळीसारखी सेमिब्रेव्हिस आणि तिला दांडी लावली की मिनिमा. नेहमीपेक्षा वेगळी लांबी दाखवायची तर शाई बदलायची, बहुधा लाल. तीन भागांची ब्रेव्हिस लाल झाली की दोन भागांची होते, म्हणजे दोन काळ्यांच्या जागी तीन लाल मावतात. ऐकताना लय तिरकी पडल्यासारखी वाटते, आणि मला या लेखनातली सर्वांत देखणी युक्ती हीच वाटते.

15व्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात चिन्हं आतून पोकळ होऊ लागली. चर्मपत्राऐवजी कागद आला आणि शाईचे मोठे ठिपके त्याला सोसेनात, असं कारण सहसा दिलं जातं. आकार तेच राहिले, मूळ नियमही तेच. पण पोकळ हेच नेहमीचं झाल्यावर लाल शाईचं काम भरीव चिन्हाकडे आलं. शिवाय मिनिमाच्या निम्मी असलेली सेमिमिनिमाही भरीव शंकरपाळी आणि दांडी अशीच लिहू लागले. म्हणजे पांढऱ्या लेखनात तेच चिन्ह सेमिमिनिमा तरी असतं, नाहीतर 'रंगवलेली' मिनिमा. कोणती, ते शेजारच्या चिन्हांवरून ठरवावं लागतं.

आधी लेखन कोणतं ते ओळखायचं असेल तर त्या दांडीवाल्या चिन्हाकडे पाहूच नका. चौकोन पाहा. बहुतेक ब्रेव्हिस भरलेल्या असतील तर पान काळ्या लेखनाचं. इंग्लंडचं ओल्ड हॉल हस्तलिखित तसं आहे. पेत्रुच्ची या मुद्रकाने 1501 मध्ये व्हेनिसला छापलेलं पुस्तक उघडलं तर चौकोन पोकळ दिसतील.

आजचं पाश्चात्त्य लेखन पांढऱ्याचं वंशज आहे. पियानो शिकणाऱ्या मुलांची पोकळ मिनिम आणि तिच्या निम्म्या लांबीची भरीव क्रॉचेट तिथूनच आली. त्या सवयीने ओल्ड हॉलचं पान वाचलं, तर प्रत्येक मिनिमा क्रॉचेट वाटते आणि स्वर निम्म्या लांबीचा धरला जातो.