गर्भाशय नसण्याची दोन कारणे: एमआरकेएच आणि अँड्रोजेन असंवेदनशीलता

छातीची वाढ वयाप्रमाणे झालेली असूनही पंधरा वर्षे उलटून पाळी आली नसेल, तर मुलीची तपासणी करून घ्यावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्या तपासणीत क्वचित ‘गर्भाशय आढळले नाही’ असा सोनोग्राफीचा अहवाल हाती येतो आणि घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. या एका वाक्यामागे मुख्यतः दोन अवस्था असू शकतात. बाहेरून त्या जवळजवळ सारख्या दिसतात. दोन्हींत मुलीची छाती वाढलेली असते, बाह्य जननेंद्रिये स्त्रीची असतात आणि योनिमार्ग आखूड असतो किंवा जवळपास नसतोच. आतली घडण मात्र पूर्णपणे वेगळी असते.

पहिली अवस्था मायर, रोकिटान्स्की, क्यूस्टर आणि हाउझर या चौघांच्या नावाने, म्हणजे एमआरकेएच सिंड्रोम म्हणून ओळखली जाते आणि सुमारे साडेचार ते पाच हजार मुलींमागे एकीत आढळते. गर्भावस्थेत ज्या म्युलेरियन नलिकांपासून गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग तयार होतो, त्यांची वाढ यात अर्धवट राहते. अंडाशयांची उत्पत्ती निराळी असल्यामुळे ती शाबूत असतात, दर महिन्याला बीज तयार होते, संप्रेरकांची पातळी नेहमीसारखी असते आणि गुणसूत्रे ४६, एक्सएक्स, म्हणजे स्त्रियांत नेहमी आढळणारी असतात. काही जणींत एक मूत्रपिंड नसते किंवा ते ओटीपोटात असते, काहींच्या मणक्यांत दोष असतो. म्हणून मूत्रपिंडांची सोनोग्राफी चुकवू नये.

दुसरी अवस्था म्हणजे संपूर्ण अँड्रोजेन असंवेदनशीलता, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी संप्रेरकांना (अँड्रोजेनना) शरीराने अजिबात दाद न देणे. ती एमआरकेएचपेक्षा बरीच दुर्मीळ आहे. यात गुणसूत्रे ४६, एक्सवाय, म्हणजे पुरुषांत नेहमी आढळणारी असतात आणि पोटात किंवा जांघेत वृषणे असतात. ती टेस्टोस्टेरॉन भरपूर तयार करतात. परंतु एक्स गुणसूत्रावरील अँड्रोजेन-ग्राहकाच्या (पेशीत अँड्रोजेनचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकात बिघाड असल्यामुळे शरीरातील पेशींवर त्याचा परिणामच होत नाही, आणि म्हणून बाह्य शरीर स्त्रीचे घडते. त्याच वृषणांतून स्रवणारे अँटी-म्युलेरियन हार्मोन, म्हणजे म्युलेरियन नलिकांची वाढ रोखणारे संप्रेरक, मात्र आपले काम करते, त्यामुळे गर्भाशय तयार होत नाही. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि त्यावर छातीची वाढ होते.

मग फरक ओळखायचा कसा? पहिली खूण साध्या तपासणीतच मिळते. काखेत आणि जननेंद्रियांवर केस येण्यासाठी अँड्रोजेनचा परिणाम व्हावा लागतो. त्यामुळे एमआरकेएचमध्ये ते नेहमीसारखे असतात, तर दुसऱ्या अवस्थेत फार विरळ असतात किंवा नसतातच. लहानपणी मुलीचे जांघेतील हर्नियाचे ऑपरेशन झाले होते का, हा प्रश्न आवर्जून विचारावा, कारण त्या फुगवट्यात कधी कधी वृषण असते. केवळ सोनोग्राफीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. एमआरकेएचमध्ये अंडाशये नेहमीच्या जागेपेक्षा वर असली तर ती सापडत नाहीत, आणि ओटीपोटातले वृषण अंडाशय म्हणून नोंदले जाऊ शकते. निदान पक्के होते ते रक्तातील टेस्टोस्टेरॉन आणि कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीने.

उपचारांच्या वाटा इथून वेगळ्या होतात. योनिमार्ग आखूड असल्यास तो डायलेटरने (योनीत ठेवायच्या गुळगुळीत नळीसारख्या साधनाने) हळूहळू वाढवणे हा दोन्हींत पहिला उपाय आहे, आणि मुलगी स्वतः तयार असेल तेव्हाच तो सुरू करावा. लग्न ठरले म्हणून घाईने शस्त्रक्रिया उरकणे योग्य नाही. एमआरकेएच असलेल्या स्त्रीची स्वतःची बीजे असल्यामुळे सरोगसीच्या मार्गाने तिला स्वतःचे मूल होऊ शकते, आणि गर्भाशय नसणे हे कारण भारतातील सरोगसीच्या नियमांत मान्य आहे. गर्भाशय प्रत्यारोपणानंतरचे जगातले पहिले मूल २०१४ मध्ये स्वीडनमध्ये अशाच एका स्त्रीला झाले, तर भारतातले पहिले असे प्रत्यारोपण मे २०१७ मध्ये पुण्यात झाले. दुसऱ्या अवस्थेत बीजे नसतात, त्यामुळे हे मार्ग त्याच अर्थाने खुले राहत नाहीत. तिथे मुख्य प्रश्न वृषणांचा असतो. त्यांत गाठ होण्याचा धोका वयात येण्यापूर्वी अत्यल्प असतो आणि नैसर्गिक वाढ त्यांच्यामुळेच होते. म्हणून ती सहसा वयात येईपर्यंत ठेवतात, आणि पुढे काढायची की देखरेखीखाली राहू द्यायची हे त्या स्त्रीशी बोलून ठरवतात. काढल्यास हाडांच्या बळकटीसाठी इस्ट्रोजेन घ्यावे लागते. गर्भाशय नसल्याने त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन लागत नाही.

हे सारे पालकांना कोपऱ्यात घेऊन सांगायचे आणि मुलीला अंधारात ठेवायचे, हे मला अन्यायाचे वाटते. गुणसूत्रांचा अहवाल काहीही असो, ती मुलगी म्हणून वाढली आहे, आणि आपल्या शरीराविषयीची माहिती तिला समजेल अशा शब्दांत, समुपदेशकाच्या मदतीने, टप्प्याटप्प्याने मिळायला हवी.

घरातल्या इतरांची चौकशीही निदानावर अवलंबून असते. एमआरकेएच बहुतेक वेळा कुटुंबात एकटीलाच असतो. अँड्रोजेन असंवेदनशीलतेचा जनुकीय दोष मात्र बऱ्याचदा आईकडून आलेला असतो. त्यामुळे पाळी न आलेली एखादी मावशी कुटुंबात आहे का, हे विचारावे आणि बहिणींची तपासणी जनुकीय सल्लागाराच्या सल्ल्याने करून घ्यावी.