बुळकांडी गेली, शेळ्यांची पीपीआर अजून का आहे?

गोठेच्या गोठे रिकामे करणारी गुरांची साथ, बुळकांडी, आज जगात कुठेच उरलेली नाही. तिच्याविरुद्धच्या कामाची एक सुरुवात पुण्यातली. १८८९ मध्ये तिथे पशुरोगांची सरकारी प्रयोगशाळा उघडली आणि चार वर्षांनी ती कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला गेली. तिथेच १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत असा वाढवत सौम्य केला आणि गुरांना लस मिळाली. शेळीने गायीबैलांना वाचवलं. तिच्या स्वतःच्या रोगाकडे मात्र फार उशिरा लक्ष गेलं.

त्या रोगाची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांना होणाऱ्या पीपीआर या विषाणूच्या साथीची, पहिली नोंद १९४२ ची, आयव्हरी कोस्टमधली. भारतात तो १९८७ मध्ये तमिळनाडूतल्या अरसूर गावच्या मेंढरांत ओळखला गेला. विषाणू बुळकांडीच्याच कुळातला आणि लक्षणंही तशीच. त्यामुळे आधीची बरीच मरतूक बुळकांडीच्या नाहीतर न्यूमोनियाच्या नावावर गेली असावी.

पीपीआर झालेली शेळी एकदा जवळून पाहिली की विसरता येत नाही. सडकून ताप येतो, ती वैरणीला तोंड लावत नाही. शेंबूड वाळून नाकपुड्या बुजतात, पापण्या चिकटतात, हिरड्यांवर भिजलेल्या कोंड्यासारखा थर बसतो. मग हगवण लागते, गाभण शेळ्या गाभडतात.

सुरुवातीला शेळ्यांना बुळकांडीचीच लस टोचत. पण देश बुळकांडीमुक्त ठरवायचा तर जनावरांच्या रक्तात त्या लसीच्या खुणा नकोत, म्हणून ते थांबवावं लागलं. पुढे हिमाचलमधल्या सुंगरीत सापडलेल्या विषाणूपासून मुक्तेश्वरलाच पीपीआरची लस तयार झाली. कातडीखाली एक टोच दिली की निदान तीन वर्षं संरक्षण मिळतं. बरी झालेली शेळी रोग पुढे बाळगत नाही आणि विषाणू जनावराबाहेर फार तग धरत नाही. म्हणूनच २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये सारं जग बुळकांडीमुक्त ठरल्यावर, २०१५ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या अबिदजानच्या परिषदेत २०३० पर्यंत पीपीआरही संपवायचं ठरलं.

लस चांगली असूनही काम अवघड आहे, कारण शेळी भराभर विते. यंदा सगळा कळप टोचला तरी पुढच्या वर्षी त्यात लस न टोचलेली कोरी करडं असतात. महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेत शेळ्या एक कोटीच्या वर आणि मेंढ्या सुमारे २७ लाख होत्या. करडू तीन-चार महिन्यांचं झालं की त्याला लस हवी, आणि ते त्या वयाचं कधी झालं हे फक्त मालकालाच ठाऊक असतं.

माझ्या मते खरी गोम बाजारात आहे. एक-दोन शेळ्या ढासू लागल्या की मरण्याआधी चार पैसे सुटावेत म्हणून त्या आठवडी बाजारात नेतात. हातावर पोट असलेल्या माणसाला यासाठी दोष देणं मला जमत नाही, पण रोग गावोगाव जातो तो याच वाटेने. जनावरांच्या साथरोगांबाबतच्या २००९ च्या कायद्यानुसार अशा रोगाची शंका येताच मालकाने ग्रामपंचायतीला कळवायचं आणि आजारी जनावर वेगळं बांधायचं असतं. बाजारातून आणलेली नवी शेळीही तीन आठवडे कळपापासून लांब ठेवावी.

धनगरांचं गणित आणखी वेगळं. लसीकरणाचं पथक गावात येतं तेव्हा मेंढरं कुठल्यातरी दूरच्या रानात वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसलेली असतात. बिऱ्हाड हलण्याआधी निघण्याची तारीख आणि वाट दवाखान्यात सांगितली, तर लस आधीच टोचून घेता येते.